थंडीत खाली येणारं जहाज

मी सिंगापूरला, तुआस भागात, जहाजांच्या गोदीत रंगकाम करतो. जहाज पाण्याबाहेर ठोकळ्यांवर उभं असतं. आम्ही गंज काढतो, रंग मारतो. ते पाण्यात गेलं की आम्ही पुढच्याकडे वळतो. चार वर्षांत चालत्या जहाजावर मी एकदाही पाय ठेवला नव्हता.

गावी, जत तालुक्यात, मात्र मी 'जहाजावर' होतो. आबांचा, म्हणजे वडिलांचा, सुरुवातीला तसा समज झाला आणि मी तो मोडला नाही. दर रविवारी फोनवर विचारायचे, "आज कुठं हाय जहाज?" मी गोदीतल्या जहाजाच्या मागे लिहिलेलं नोंदणीच्या बंदराचं नाव सांगायचो. पनामा फार वेळा यायचं. आबा म्हणायचे, "लई काम दिसतंय पनामात."

फेब्रुवारीत सुट्टीवर घरी जायचं होतं. त्याआधी एकदा तरी समुद्रावरून खरंच एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं ठरवलं. म्हणजे निम्मं तरी खरं होईल.

हे २०१५च्या डिसेंबरातलं. तिकीट एजंटकडची बाई हसली. "सगळे इकडून फिरून इकडेच येतात. तू नुसता तिकडून इकडे येणार?" पण शोधलं तिनेच. थंडी पडली की वरच्या, उत्तरेकडच्या बंदरांतली काही प्रवासी जहाजं सिंगापूरकडे उतरतात, आणि ती एकेरी फेरी स्वस्तात मिळते. हाँगकाँग ते सिंगापूर, चार रात्री, माणशी साडेचारशे डॉलर. हाँगकाँगला तेव्हा आपल्या पासपोर्टला व्हिसा लागत नव्हता. अडचण एकच. खोली दोघांची असते, एकटा गेलात तरी दोघांचे पैसे.

दुसरा माणूस म्हणून कुलकर्णीकाका मिळाले. पुण्याचे, बँकेतून निवृत्त. सिंगापुरातच पुंगोलला मुलाकडे आले होते. गणपतीत ओळख झाली होती. नातवाला सांभाळून कंटाळले होते. विचारलं तर म्हणाले, "कधी निघायचं?" कुठे, ते नंतर विचारलं.

विमानाने हाँगकाँगला पोचलो तर तिथे चौदा डिग्री होतं. काकांनी माकडटोपी घातली, मी दोन शर्ट. तुम्ही जाल तर जाकीट न्या. सकाळी रस्त्यावर तांदळाची गरम पेज मिळते, पण मांस नको म्हणून आधीच सांगा. काकांनी सुनेच्या हातची थालीपिठं काढली आणि मलाच दोन वाढली.

बंदरावर रांगेत असताना मी आबांना फोन लावला. रविवार होता. म्हटलं, यावेळी खरं सांगू. तेवढ्यात काकांनी फोन घेतला. "नमस्कार. काळजी करू नका हं. पोरगा पहिल्यांदाच जहाजात बसतोय, पण मी आहे सोबत."

आबा इतक्या मोठ्याने बोलतात की मलाही ऐकू आलं. "पहिल्यांदाच?"

मग फोन कट झाला.

"लाइन गेली वाटतं," काका म्हणाले.

मी परत लावला. उचलला नाही. जहाज सुटलं आणि रेंज गेली.

खोली बिनखिडकीची. डिसेंबरात त्या समुद्रात लाटा असतात, हे एजंटबाईने सांगितलं नव्हतं. मी दीड दिवस उलट्या केल्या. काका रोज तीन वेळा जेवले आणि काय काय होतं ते येऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना आबांचं सगळं सांगितलं.

"अरे गाढवा, आधी सांगायचंस! पस्तीस वर्षं काउंटरवर बसलोय. गिऱ्हाइकाला काय बोलायचं नाही ते मला कळतं."

"तुम्ही फोन ओढूनच घेतलात, काका."

"ते खरंय," म्हणाले आणि मला लिंबू आणून दिलं.

शेवटच्या दिवशी डेकवर गेलो. दोन शर्टांतला एक काढला. पाणी शांत होतं. कठड्याखाली गंज फुटला होता, वरून नुसता रंग फासलेला. चार दिवस मी आबांना काय सांगायचं ते जुळवत होतो.

सिंगापूरला उतरताना वर्क परमिटचं कार्ड हाताशी ठेवा, वेळ वाचतो. काकांना टॅक्सीत बसवलं. मेट्रोने जू कून स्टेशनपर्यंत आलो, पुढे बस. खोलीवर पोचून फोन लावला. आबांनी उचलला.

"मग चार वर्सं काय करत हुतास?"

सांगितलं. गंज काढतो. रंग मारतो. बहुतेक वेळा जहाजाच्या बुडाला.

"बूड कोण बघतंय?"

"कोणीच नाही. पाण्यात असतं."

मग म्हणाले, "आणि पनामा?"

"ते जहाजावर लिहिलेलं असतंय आबा."

"म्हंजे तू जात न्हाईस. ती येत्यात तुझ्याकडं."

"दुरुस्तीला येतात."

"मग तसं सांगायचं की. मी काय नको म्हणलो असतो?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फेब्रुवारीत घरी गेलो तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं, जहाज हललं की कसं वाटतं. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "त्येला उलट्या हुत्यात. त्यो रंगवतोय."

आता रविवारी विचारतात, आज कुठला रंग. बहुतेक वेळा बुडाचा लालच असतो.