पास्कूकाकांनी निवडलेला लॅपटॉप

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीत सुटली. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून पास्कूकाकांबद्दल लिहून ठेवते.

सांडोर गावात आमच्या कुंपणाला लागून त्यांची केळीची वाडी. कोणी लॅपटॉप आणला की ते आधी तो उलटा करत. वरची चकाकी बघायचेच नाहीत. म्हणायचे, "नाव नको सांगूस, पोटात कुठली चिप आहे ते सांग." नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते गावातल्या मुलांच्या लॅपटॉपवर लिनक्स घालून देत. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची व्यवस्था, एवढं मला समजलं. ते पैसे घेत नसत. काकी चिडून म्हणायच्या, "जगाचे कॉम्प्युटर चालतात, माझा मिक्सर तेवढा बंद!"

माझी मुलगी योगिता कॉम्प्युटर शिकली. नोकरीची मुलाखत घरूनच, कॅमेऱ्यासमोर होणार होती. भाजी विकून मी लॅपटॉपपुरते पैसे साठवले होते. आमच्याकडे वीज सारखी जाते, म्हणून काका म्हणाले, "एआरएम चिपचा घेऊ. मोबाइलसारखी चिप असते गो. बॅटरी दिवसभर टिकते, तापत नाही."

"मग सगळे तोच का नाही घेत?" योगिताने विचारलं.

"साध्या लॅपटॉपवर लिनक्स बहुतेक कुठेही चढतं. याचं तसं नाही. स्क्रीन कुठे, आवाज कुठे, हे प्रत्येक मॉडेलचं लिनक्सला वेगळं शिकवावं लागतं. ते कोणी आधी करून ठेवलं असेल, तेच मॉडेल घ्यायचं."

त्यांनी बरेच दिवस इंटरनेटवर वाचलं आणि माझ्या पैशांतून तसा एक जुना, स्वस्तातला लॅपटॉप मागवला. तो आला. लिनक्स चढलं, स्क्रीन लागली, पण आवाज नाही आणि कॅमेराही नाही. काकांनी मागचं झाकण उघडून पाहिलं. मॉडेलचं नाव तेच होतं, आतली चिप मात्र वेगळी. विकणारा परत घेईना. मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. योगिता रडायला लागली.

सकाळी काका स्वतःचा जुना, जडशीळ लॅपटॉप घेऊन आले. त्याची बॅटरी मेलेली. त्यांनी आपल्या घरच्या इन्व्हर्टरपासून केळीतून आमच्या ओटीपर्यंत वायर ओढली आणि मुलाखत संपेपर्यंत कोंबड्या हाकलत वायरीजवळ उभे राहिले. योगिताला नोकरी लागली.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ते पाकीट घेऊन दारात. "तो मुका लॅपटॉप माझा. पैसे थोडे थोडे देईन."

"काका, तिला नोकरी लागली की. आता कशाला?"

"नोकरी तिच्या हुशारीने लागली. तुला मुनवे दिले आणि लागले नाहीत, तर दुसरे मीच देतो ना?" मुनवे म्हणजे लावायला देतात ती केळीची पिल्लं. आमच्याकडे ती न रुजली तर देणाऱ्यानेच पुन्हा द्यायची. मी पाकीट ठेवून घेतलं.

पाकिटं येत राहिली. त्या मुक्या लॅपटॉपचा काकांचा नादही सुटला नाही. नवीन लिनक्स आलं की, "आज बोलतो बघ!" एकदा तर कुंपणावरूनच ओरडले, "सुमन, माझं थोबाड दिसायला लागलं!" कॅमेरा चालू झाला होता. काकी आतून म्हणाल्या, "आवाज नको आणूस. घरात एक तरी गप्प असू दे."

आवाज आलाच नाही. त्याआधी काका गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता.

त्यांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर काकी पाकीट घेऊन आल्या. मी हात मागे घेतला.

"घे गो. शेवटचं आहे. त्याने सांगून ठेवलंय. नाही घेतलंस, तर त्याला चैन पडायची नाही, तिकडे देवालाही पोटात कुठली चिप आहे ते विचारत बसेल."

आम्ही दोघी हसलो, मग रडलो. मी पाकीट घेतलं. काकांनी सगळे पैसे फेडले.