फळीखालचा गणपती

पडदा वर जातो तेव्हा रोह्यातल्या एका शाळेचा सातवीचा वर्ग दिसतो. बाकं भिंतीला सारलेली. मास्तरांच्या टेबलावर उभा केलेला आरसा, त्याच्या दोन्ही बाजूंना बल्ब. बाहेर आषाढाचा पाऊस पत्र्यावर असा कोसळतोय की जणू टाळ्याच. धाटावच्या कंपनीतून सकाळची शिफ्ट करून आलेली पोरं दरबाऱ्यांच्या वेषात उभ्याउभ्या वडापाव खातायत. नाटक शेजारच्या हॉलमध्ये आहे, साल १९९७. मी खुर्चीत डोळे मिटून बसलोय आणि हरेश माझ्या पापणीवर काजळाची रेघ ओढतोय.

रंगभूमी सोडून मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण या पोरांनी पेणला घरी येऊन गळ घातली. म्हातारा राजा पाहिजे, पहिल्या अंकातच मरतो, म्हणाले. माझ्या गुडघ्यांना झेपेल अशीच भूमिका. रंगवायला हरेश असेल तरच येतो, एवढी एक अट मी घातली.

हरेश धरमतरच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. लहानपणीच पेणला महिपती अण्णांच्या गणपतीच्या कारखान्यात आला आणि तिथलाच झाला. पीतांबर रंगवणारे अण्णांकडे पुष्कळ होते. पण मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात, आणि त्यासाठी अण्णा एकाच माणसाला हाक मारत. हरेशनं बुबुळ टेकवलं की कालपर्यंत नुसती माती असलेली मूर्ती आपल्याकडे बघायला लागायची. गावातलं नाटक असलं की माणसांची तोंडंही तोच रंगवायचा. माझ्या पडत्या काळात यानं मला कितीदा तरुण केलंय.

आदल्या वर्षी गणपती झाल्यावर कारखाना रिकामा झाला, तसा तो थंडीपुरता स्वित्झर्लंडला गेला. त्याच्या बायकोचा, रोहिणीचा, मामेभाऊ निलेश तिकडे एका डोंगरगावात हॉटेलात स्वयंपाकी होता, त्यानं बोलावून घेतलं. एप्रिलमध्ये हरेश परत आला तो उजव्या मनगटाला प्लास्टर घालून. हॉटेलात खोके उचलताना जिन्यावरून पडलो, म्हणाला. पुढे प्लास्टर निघालं, पण हात थरथरतो असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून तो कारखान्याच्या कोपऱ्यात बसून पॉलिश पेपरनं मूर्ती घासायचा. डोळ्यांचं काम अडून राहिलं. भला हात गेला, असं अख्खं पेण हळहळत होतं. मीसुद्धा. थरथरत्या हातानंही माझं म्हातारं तोंड रंगेल, तेवढंच त्याचं मन रमेल, म्हणून मी ती अट घातली होती.

आणि आता त्याच हातानं त्यानं माझ्या पापणीवरून केसाएवढी रेघ एका दमात ओढली. मी डोळे उघडून आरशात पाहिलं. रेघ कुठेही तुटली नव्हती, जाड झाली नव्हती.

"हरेश," मी म्हटलं, "हात थरथरतो ना रे तुझा?"

त्यानं कुंचला पाण्यात टाकला. तोंड पडलं बिचाऱ्याचं. "काका, तुम्ही आधी मरून या," तो हळूच म्हणाला, "मग सांगतो."

मी जाऊन मरून आलो. त्या दिवशी जरा घाईतच मेलो. दुसरा अंक सुरू झाला, पोरं तिकडे गेली, आणि वर्गात आम्ही दोघंच उरलो.

"तिकडं आधी भांडी घासायला होतो," त्यानं सुरुवात केली. "मग हॉटेलच्या तळघरात वाल्टर म्हणून एका म्हाताऱ्याचं दुकान होतं, तिथं घेतलं मला. स्नोबोर्ड भाड्यानं द्यायचं दुकान. म्हणजे फळीच, काका. दोन्ही पाय त्याच फळीला बांधायचे आणि आडवं उभं राहून बर्फावरनं घसरत डोंगर उतरायचा. फळ्यांचे काठ घासायचे, तळाला मेण लावून गरम इस्त्री फिरवायची, हे माझं काम."

"आणि तूही घसरलास?"

"सुट्टीच्या दिवशी वाल्टरनं एक जुनी फळी दिली. पहिला महिना तर नुसता आपटत होतो. निलेश खिडकीतनं ओरडायचा, दाजी, ढुंगण काय भाड्यानं आणलंय का, परत द्यायचंय का नाय?" एवढं सांगताना तो हसला. "पण लहानपणी खाडीच्या चिखलात मोडक्या होडीच्या फळीवर घसरायचो ना आम्ही. अंगाला आठवलं असंल. एक दिवस पार वरनं निघालो आणि न पडता हॉटेलच्या दारात येऊन थांबलो. काय वाटलं ते सांगता नाय यायचं. मी आपला जोरात ओरडलो, मोरया! तिथली पोरं हसली आणि तीपण ओरडली, मोरया! तेव्हापासनं तिकडं माझं नावच मोरया पडलं. रस्त्यानं जाताना गोरी माणसं हात हलवायची, काका. मला! आमच्या घरातल्या माणसाकडं कोण कधी असं बघितलंय?"

माणसाला टाळी पहिल्यांदा मिळते तेव्हा ती डोक्यात किती खोल जाते, ते मला चांगलं ठाऊक आहे.

माघातल्या चतुर्थीला त्यानं तळघरात पुठ्ठ्यावर गणपती काढून ठेवला होता. त्याच्यासमोर साखर ठेवली, उदबत्ती मिळाली नाही म्हणून मेणबत्ती लावली. फळ्या न्यायला येणाऱ्यांत एक तरुण मुलगी होती. तिला तो गणपती फार आवडला. माझ्या फळीवर असाच काढून दे मोरया, म्हणाली.

"मग नाही म्हणायचं की."

"म्हणणारच होतो. पण सगळी भोवती जमली. मोरया, मोरया चाललं होतं. फुगलो, काका." तो टेबलावरचा रंग नखानं खरवडू लागला. "वाल्टर म्हणाला, काढायचा तर वरच्या बाजूला काढ, तळाला रंग टिकायचा नाय. मी म्हटलं, वर तर बूट येतात! देवावर बूट? मी नाय काढणार वर. खाली काढीन. लई शहाणपणा केला असं वाटलं मला. आणि काढला तळाला. हात असा चालला, अण्णांच्या कारखान्यातपण तसे डोळे कधी उतरले नसतील. ती पोरगी फळी डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवत फिरली."

शेजारच्या हॉलमध्ये तलवारी खणखणल्या, कुणीतरी संवाद विसरलं, लोक हसले. हरेशचं तिकडे लक्षही नव्हतं.

"मार्चात बर्फ पातळ होतो. खालनं दगड वर येतात. एके दिवशी ती फळी दुकानात आली. दुसरंच कोणीतरी घेऊन आलं होतं, मेण लावायला. मी पालथी घालून टेबलावर आवळली, आणि बघतो तर सोंड तेवढी राहिली होती. डोळे गेले होते. खरवडून गेले होते, दोन्ही."

त्यानं पाण्यातला कुंचला काढून फडक्याला पुसला.

"मग काय केलंस?"

"बाहेर रांग होती. वाल्टर हाका मारत होता. मी मेण लावलं आणि इस्त्री फिरवली. तोंडावरनं. गरम इस्त्री, काका. फळी परत दिली, त्यानं थँक यू म्हटलं. दुपारी माझी फळी घेऊन वर गेलो, कसा उतरलो ठाऊक नाय, पडलो, मनगट मोडलं. हाड वाजलं तेव्हा वाटलं, बरं झालं." त्यानं हात माझ्यासमोर धरला. "हात बरा हाय. पण डोळे काढायचे म्हटलं की ते खरवडलेलं तोंड पुढं येतं. ज्या हातानं इस्त्री फिरवली त्या हातानं अण्णांच्या मूर्तीला डोळे काढू? कोणत्या तोंडानं?"

"अण्णांना सांग."

"तुम्ही सांगा ना. तुम्हाला बोलायची सवय हाय."

"दुसऱ्याचं बोलणं जन्मभर बोललो, हरेश. हे तुझं तुलाच बोललं पाहिजे. मी सोबत बसेन."

आठवडाभरानं तो मला बोलवायला आला. श्रावण तोंडावर आला होता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर, जमिनीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर मूर्ती बसलेल्या. पीतांबर झालेले, मुकुट झालेले, चेहरे मात्र कोरे. रोहिणी आणखी दोघींबरोबर मुकुटाला सोनेरी रंग लावत होती. महिपती अण्णा चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होते. त्यांची नजर अधू झाली होती. मुंबईची मंडळं फोनवर फोन करत होती, आणि डोळ्यांसाठी बाहेरून कारागीर आणावा का, अशी बोलणी चालली होती. बाहेरचा आला असता तर ती जागा हरेशला पुन्हा कधी मिळाली नसती.

हरेश अण्णांसमोर उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. खाली बघून, अडखळत. मनगट मोडल्याचं आलं तेव्हा म्हणाला, जिना नव्हता, आणि हात थरथरत नाय. रोहिणीचा कुंचला थांबला.

"म्हणजे?" ती म्हणाली. "हात बरा हाय तुमचा?"

"व्हय."

"आणि मी रोज रात्री चांगल्या हाताला तेल चोळत बसते? निम्मी बाटली संपली! माझ्या आईनं नवस बोललाय रोह्याच्या देवाला, ठाऊक हाय का?"

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रोहिणी हसली नाही. हरेशचे कान लाल झाले.

"चुकलो गो," तो म्हणाला.

अण्णांनी कप खाली ठेवला. "अरे, रंगवताना आपण मूर्ती दोन पायांत धरून बसतो. पूजा होईतोवर ती माती. फळीवरचं तर नुसतं चित्र. एवढं काय घेऊन बसलास?"

"मातीचं नाय, अण्णा. मी डोळे काढले होते त्याला." हरेशनं मान वर केली. "डोळे काढले की तो बघायला लागतो, हे तुम्हीच शिकवलं. माझ्याकडं बघत होता तो. वाहवा मिळंल म्हणून मी त्याला दगडावर घासायला धाडलं."

अण्णा उठले, गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत.

"त्या पोरीच्या फळीवर काढताना नाय थरथरलास," ते चिडूनच म्हणाले, "आणि माझ्याकडं थरथरतोस व्हय रे? एकाचे गेले तुझ्या हातनं, मान्य. हे बघ जरा इकडं. ओसरीपासून माळ्यापर्यंत आंधळे बसलेत सगळे. यांनी काय वाकडं केलंय तुझं? काय सांगू यांना, हरेशला लाज वाटते, तुम्ही असंच जा मुंबईला?"

हरेशनं त्या कोऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. सगळ्यांसमोर पुसायचीही त्याला लाज वाटत होती, म्हणून तसाच बसला. रोहिणी उठली. न बोलता तिनं काळा रंग कालवला, वाटी त्याच्यापुढे आदळली आणि आपल्या मुकुटांकडे जाऊन पाठ करून बसली. अण्णा बाकीच्यांना घेऊन चहाच्या निमित्तानं रस्त्यावर गेले.

हरेशनं सगळ्यात लहान मूर्ती उचलली, दारापासून लांब, भिंतीकडे तोंड करून बसला. कुंचला बुडवला, निथळला, वर नेला आणि अर्ध्यावर थांबला. मी जरा पुढे सरकून पाहू लागलो.

"काका, तुम्हीपण बाहेर थांबा ना," तो मागे न बघता म्हणाला. "कोणी बघत असलं की नाय व्हायचं माझ्यानं."