नवरी रडेपर्यंत वाजवायचं

माझे बाबा बाभुळगावच्या एका बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. चंदेरी चाव्यांच्या त्या काळ्या नळीला लग्नातले अर्धे लोक सनई म्हणतात, आणि तसं म्हणणाऱ्याच्या घरचं जेवण बाबांना गोड लागत नसे. वरातीत त्यांना कोणी हिंग लावून विचारत नसे. तिथे ढोलताशे आणि पिकअपवरचे भोंगे. बाबांचं खरं काम शेवटी, नवरी निघताना. बिदाईचं गाणं क्लॅरिनेटवर एकट्यानं वाजवायचं आणि नवरी रडेपर्यंत थांबायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्यासमोरून एकही नवरी कोरड्या डोळ्यांनी गेली नव्हती. पुसदकडच्या बंजारा तांड्यावर नवरी स्वतःच ढावलो, म्हणजे निरोपाचं रडगाणं, गाऊन रडते. तिथेही बाबांनी तिच्या आधी तिच्या फौजी काकाला रडवून दाखवलं.

मग मी त्यांना मोबाइल घेऊन दिला. जॅझचा एक जुना व्हिडिओ त्यांना सापडला. त्यात एक सूटवाला क्लॅरिनेटचा सूर खालून असा ओढत वर नेत होता की आमची बकरी उभी राहून इकडेतिकडे पाहू लागली.

"हा बुवा रडून राह्यला, अन् लोकं नाचून राह्यले. काहून?" बाबा म्हणाले.

ते कोडं त्यांना सुटलं नाही, पण सुराची ती ओढ त्यांनी उचलली आणि बिदाईत बसवली. नवऱ्या आता निम्म्या वेळात रडू लागल्या.

घोटाळा एवढाच की बाबांचा रियाज रोज संध्याकाळी, आई भाकरी थापत असताना चाले. माझ्या जन्मापासूनचा हा शिरस्ता. भाकरी फुगली की मी ताट घेऊन बसायची, मागे बिदाई चालू. त्यामुळे ते गाणं ऐकलं की जगाला रडू येतं आणि मला भूक लागते. मैत्रिणींच्या लग्नात सगळ्या हुंदके देत असताना मी दुसऱ्यांदा पंगतीत बसलेली असायची. मला याची भयंकर लाज वाटे.

माझं लग्न ठरलं त्याच उन्हाळ्यात बँडमालकानं कीबोर्ड आणला. बटन दाबलं की त्यातून क्लॅरिनेट वाजे. "पाहू, पोरीच्या लग्नात काय होते ते," मालक बाबांना म्हणाला. म्हणजे बाबांची जागा माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर ठरणार होती.

दुपारी तीनला सासरी, राजूरला जायची गाडी लागली आणि बाबांनी सुरुवात केली. पहिलं कडवं, दुसरं, ती ओढ. आई रडली, मावशी रडली, फोटोवाल्यानं डोळे पुसले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आईनं चिमटा काढला. मावशीनं कानात सांगितलं, "रड ना वं बाई, तुया बाप मरन फुकून फुकून!" मी मेलेली माणसं आठवून पाहिली, दहावीतलं गणित आठवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. बाबा तिसऱ्यांदा पहिल्या कडव्यावर आले. नवरदेव गाडीत बसून पुन्हा उतरला. सासरकडचे एक काका घड्याळ पाहत म्हणाले, "अजून किती टाइम लागन?"

बाबांचा चेहरा जांभळा झाला होता. मालक कीबोर्डजवळ जाऊन उभा राहिला आणि त्यानं बटनावर बोट ठेवलं. मला स्वतःचा संताप आला. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला रडवलं, त्याला पोटची पोरगी तोंडघशी पाडत होती.

तेवढ्यात सूर तुटला. बाबा क्लॅरिनेट खाली घेऊन माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर शिव्या घालणार. ते वाकले आणि मला एकटीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले,

"भूक लागली काय वं तुले?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. कुणास ठाऊक कधीपासून.

माझा असा बांध फुटला की मांडवातली बाया-माणसं दचकली. बाबा एक क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर मालकाकडे गेली आणि त्यांनी झटकन क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावलं.