वर वळवलेली काडी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. आईला नाही, पोलिसांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही काही माझ्या घरी जेवायला येणार नाही, तिच्या हातची भाकरी खाताना माझ्याकडं बघणार नाही — म्हणून असेल.

मी लॅब टेक्निशियन. कर्जत-खालापूर भागातल्या लोकांचं रक्त, थुंकी, लघवी तपासण्यात माझी निम्मी हयात गेली. आणि माझा राग — तो आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शाळेत असताना मी एका पोराचा कान चावून रक्त काढलं होतं. आई कौतुकानं सांगायची, "आमच्या पोराचा राग लय वाईट हाय." लोक हसायचे, मीही हसायचो. कुणी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

तर — कोरोनाची दुसरी लाट. चौकच्या पुढं, जुन्या हायवेला लागून एक शाळा आहे. तिच्या व्हरांड्यात आम्ही तपासणीची टेबलं मांडली होती. आम्ही म्हणजे मी आणि मनीषा. तीही टेक्निशियन, कामात माझ्या तोडीची, तोंडानं माझ्यापेक्षा तिखट. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताप-खोकला असलेल्या प्रत्येकाचे दोन नमुने घ्या. एक नाकातला, लांब काडीनं. दुसरा गुळणीचा — मिठाचं पाणी घशात खळखळवायचं आणि डबीत थुंकायचं. दोन्ही मुंबईला जायचे. विषाणू कशात जास्त सापडतो, ते तिकडं ताडून बघणार होते. नाक माझ्याकडं आलं, गुळणी तिच्याकडं.

लोकांना अर्थातच गुळणी आवडायची. तिच्या टेबलाशी हसणं-खिदळणं, आणि माझ्यापुढं बाया नाकाला पदर लावून उभ्या, जसा काय मी कोंबड्या कापायला बसलोय. मनीषा तिकडून ओरडायची, "भोईर, तुमची काडी बघूनच माणसं कबूल करतील, हाय बाबा कोरोना!" पुन्हा सगळे हसायचे. मी धुमसायचो. तिला सांगायचो, गुळणी सोपी आहे, ठीक आहे, पण विषाणू बसतो तो नाकाच्या पार मागं, तिथून नीट घेतलेल्या नमुन्याची सर तुझ्या डबीतल्या पाण्याला नाही. ती म्हणायची, "बघू की, तपासल्यावर कळेलच."

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिच्यावर आहे. नाकाची वाट वर जाते असं आपल्याला वाटतं. तशी ती नाही. आत शिरलं की ती सरळ मागं जाते, कानाच्या दिशेनं. काडी आडवी धरायची, तळाच्या बाजूनं हळूहळू सरकवायची. माणसाला झिणझिण्या येतात, डोळ्यांत पाणी येतं, बस. वर वळवली तर आतलं फाटतं. हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. मला ते झोपेतही चुकलं नसतं.

बबन पंक्चरवाला त्या दिवशी आला. चौकला त्याचं टायरचं दुकान. अंगात ताप, तरी गडी मस्करीत. मनीषाकडं त्यानं मजेत गुळणी केली, "मॅडम, आजून एक करू का?" म्हणून तिला हसवलं, आणि मग माझ्यापुढं आला. मी काडी नाकाशी नेली तर त्यानं हातावर फटका मारला. काडी मातीत. मी दुसरी घेतली. पुन्हा फटका — आणि मास्क खाली ओढून तो थुंकला. माझ्या तोंडापुढच्या काचेवर. वर आईवरून शिवी.

सकाळपासून त्या पांढऱ्या किटमध्ये मी उकडत होतो. हातमोज्यांत घाम साठलेला. तरी मी थांबलो असतो — असतो का? तेवढ्यात मनीषा म्हणाली, "अहो भोईर, राहू द्या की. गुळणी झालीय त्याची." आणि रांग हसली.

डाव्या हातानं मी त्याचं डोकं धरलं. भिंतीवर दाबलं. आणि काडी घातली — वर.

चुकून नाही. तो हलला म्हणून नाही. मी मनगट वळवलं. आत काहीतरी मऊ लागलं, तिथं थांबता आलं असतं, पण मी अजून रेटली, आणि फिरवली. बबन ओरडलासुद्धा नाही, नुसता हंबरला. मग रक्त. ओठांवर, शर्टावर, माझ्या मोज्यांवर. त्याचे पाय फरशीवर खरडत होते आणि मला — लपवून काय करू? — मला बरं वाटत होतं. उपाशी माणसाच्या पोटात घास गेल्यासारखं बरं वाटलं. त्यानं नंतर नुसतं माझ्याकडं बघितलं, टॉवेलात तोंड धरलं आणि गेला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हलू नको म्हटलं होतं ना?" सगळ्यांना पटलं. मनीषालासुद्धा.

इथवर असतं तर मी एक दुष्ट माणूस ठरलो असतो. पण पुढं आहे.

दुपारी माझी रांग संपली. किट उतरवून मी गेटपाशी आमच्या जीपला टेकलो. हातात चहाचा ग्लास. ड्रायव्हर आत आडवा झाला होता. मनीषा अजून किटमध्येच, व्हरांड्यात एकटी, आमच्याकडं पाठ करून डब्यांची झाकणं आवळत होती. त्या किटमध्ये पाठीमागून बाई की बाप्या, काही कळायचं नाही.

मोटरसायकलवर बबनचे दोन भाऊ आले. एकाच्या हातात टॉमी — टायर उचकटायचा लोखंडी दांडा. त्यांनी मला ड्रायव्हर समजलं. "ए ड्रायवर, आमच्या बबनचं नाक कोनी फोडलं रं? त्याचं रगात थांबत नाय!"

 मी हातातला ग्लास व्हरांड्याकडं केला. एवढंच. ती बाई आहे, एवढंही सांगितलं नाही.

पहिला दणका पाठीत बसला. ती टेबलावर पडली, डब्या सांडल्या, झाकण न आवळलेल्या डब्यांतलं पाणी फरशीवर. ती वळली, उजवा हात डोक्यावर धरला. दुसरा त्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज गेटपर्यंत आला — ओलं लाकूड कसं मोडतं, तसा. तिसरा त्याच हातावर. ती किंचाळली तेव्हा टोपी सरकून वेणी बाहेर आली, आणि एक भाऊ ओरडला, "आयला, बाई हाय रं ही!" टॉमी टाकून दोघे पळाले.

तोवर मी कुठं होतो? जीपपाशीच. ते पळाल्यावर मी धावलो. तिला उचललं, जीपमध्ये घातलं, पनवेलला नेलं. वाटेत तिनं धड हातानं माझा शर्ट घट्ट धरला होता, आणि तिचं मोडलेलं मनगट माझ्या मांडीवर होतं.

भाऊ पकडले गेले, तुरुंगात गेले. ड्रायव्हरनं दाखवलं म्हणून आम्ही तिला मारलं, असं ते सांगत राहिले. ड्रायव्हर म्हणाला, मी झोपलो होतो. पोलिसांनी पुढं विचारलं नाही — मारणारे सापडले होते, आणखी काय हवं? बबनची डबी आधीच बंद झालेली, तिच्यात विषाणू सापडला. माझ्या काडीच्या नळीत नुसतं रक्त. तो नमुना फुकट गेला. बबन वाचला. मनीषाचा हात जुळला, पण वाकडा. बोटांत बारीक काम करायचं बळ राहिलं नाही. नमुने घ्यायचं तिचं काम सुटलं ते सुटलंच.

मी रोज तिच्याकडं डबा घेऊन जायचो. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा. तिलाही तसंच वाटलं. आमचं लग्न झालं. प्रेम होतं का? होतं, आहे. पण पहिले कित्येक दिवस मी जायचो ते तिला काही आठवतंय का, हे बघायला. हेही सांगायला हवं.

पाहुणे आले की ती हसत हसत हात दाखवते. "ह्यांच्या वाटणीचा मार मी खाल्ला हो! किट सारखेच, त्यांना काय कळणार?" पाहुणे हळहळतात. मी भाकरी मोडतो.

गेल्या महिन्यात आमच्या मुलीला ताप भरला, छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, नाकातला नमुना लागेल. तिथली सिस्टर काडी घेऊन आली तर मनीषानं तिला थांबवलं. "अहो, तुम्हीच घ्या. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि डोकं हलू नये म्हणून तो वाकडा हात तिच्या कपाळावर दाबून धरला. मी काडी आडवी धरली. तळाच्या बाजूनं, सरळ, हळू. पोर शिंकली, रडली नाही.

मनीषा त्या सिस्टरकडं वळून अभिमानानं म्हणाली, "बघितलंस? तो बबन तेव्हा हलला नसता ना, तर त्यालाही काही झालं नसतं. काय हो?"

मी काडी नळीत मोडली, झाकण घट्ट लावलं आणि म्हणालो, "हो."