मुद्द्याचं बोल गो

माझी मामी कुठलीही गोष्ट सरळ सांगत नसे. निडीहून पेणला आमच्याकडे आली आणि "कशी आलीस?" असं विचारलं, की तिचं उत्तर आदल्या दिवशी कुणाची म्हैस कुठे शिरली इथून सुरू होई. आम्ही हसायचो.

कॉलेजात असताना सुट्टीत मी तिच्याकडे गेलो होतो. एका सकाळी मामा पोट धरून बसला. चहा गिळता येईना, जीभ जड झाली. आम्ही त्याला रिक्षात घालून रोह्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मामीला विचारलं, "कधीपासून होतंय?"

"काल वाल झोडले," मामी म्हणाली. "गोणी घरात आणल्या. माझी भावजय येणार होती मदतीला, तर तिच्या धाकटीला कांजण्या..."

मामाच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. श्वास अगदी वरवरचा.

"मामी, मुद्द्याचं बोल गो! मामा मरतोय इथं!" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

ती गप्पच झाली.

"तुम्ही बाहेर व्हा," डॉक्टर मला म्हणाले. मग मामीकडे वळले. "हं, गोणी घरात आणल्या. पुढे?"

मी दारातच थांबलो. मामी सांगू लागली. "जागा नव्हती, म्हणून खाटंवर ठेवल्या. हे खाली निजले. पहाटे म्हणाले, कानामागं काय तरी टोचलं. मी म्हटलं, मुंगी असंल, गेल्या साली पण..."

डॉक्टरांनी झटकन मामाचा कान पुढे करून बॅटरी मारली. सूज नव्हती. दोन बारीक ठिपके होते.

"मण्यार साप चावलाय," ते नर्सला म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. लगेच अँब्युलन्समधून अलिबागला नेलं. वाटभर मी मामाची छाती हलते का, तेवढंच बघत होतो. मामी समोर बसली होती. तीन दिवस मामा मशीनवर होता. चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले.

घरी आल्यावर मी म्हणालो, "चुकलं गो माझं."

"असूं दे. तुझा पण जीव वरखाली होत होता."

रागावली नव्हती ती. पण त्यानंतर माझ्याशी मोजकंच बोलू लागली. जेवलास का? कधी निघणार? स्वयंपाकघरात शेजारणीला काहीतरी रंगून सांगत असायची, आणि मी आत गेलो की थांबायची.