कोपऱ्यातलं घर मी रंगवलेलं नाही

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल. भूत, करणी, उतारा... असलं काही मी आयुष्यात मानलेलं नाही. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गेटाशी अमावस्येला लिंबू-मिरची पडलेली दिसली, की मी मुद्दाम ती ओलांडून जायचे. आजही जाईन. पण जे झालं ते मी केलेलं नाही, आणि 'केलं' असं म्हणणारही नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी कमर्शियल आर्ट केलेली. कॉलेजात हौशी नाटकांचे पडदे रंगवायचे. नवऱ्याच्या – मंदारच्या – नोकरीमुळे नेदरलँड्सला आले आणि रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेलच्या फ्लॅटमध्ये काही वर्षं 'डिपेंडंट' हा शिक्का घेऊन काढली. डच शिकले. मग इथून जवळच्याच एका गावातल्या जुन्या नाट्यगृहात पडदे दुरुस्त करायचं काम मिळालं. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, काम आवडलं तर पुढे पक्कं. या देशात फक्त माझी म्हणावी अशी ती पहिली गोष्ट होती.

पडदा एकोणिसाव्या शतकातला, कोर्नेलिस नावाच्या नेपथ्यकाराने रंगवलेला. त्याची कहाणी थिएटरातला प्रत्येक जण सांगतो. बोटींवर नावं रंगवता रंगवता तो नाटकात शिरला आणि गावोगावच्या थिएटरांना रस्ता, जंगल, तुरुंग, दिवाणखाना पुरवत मोठा झाला. सगळं काम गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडासाठी. मग विजेचे दिवे आले. त्यात त्याचे रंग विचित्र दिसायला लागले. मालक म्हणाले, नव्या उजेडाला धरून रंगव. हा म्हणाला, नाही. हातातला पडदा अर्धवट टाकून निघून गेला, आणि पुन्हा त्याला कोणी काम दिलं नाही. तोच हा पडदा – कालव्याकाठचा रस्ता, आणि उजव्या कोपऱ्यात एका घराच्या नुसत्या कोळशाच्या रेघा. तो कोपरा कोराच ठेवायचा, असा आमचा नियम होता.

वर्कशॉप म्हणजे रंगमंचामागचा लांबलचक हॉल. छताला काचा, दार एकच. पडदा जमिनीवर अंथरलेला असायचा आणि आम्ही मोजे घालून त्यावर चालत काम करायचो, कोर्नेलिस करायचा तसंच. त्या दिवशी माझी बॉस हान्नेके मीटिंगसाठी रॉटरडॅमला गेली होती. दुपारी मी कुलूप लावलं, किल्ली जॅकेटच्या खिशात टाकली, कालव्यावरच्या बाकावर बसून पोळी-भाजी खाल्ली आणि परत आले.

दार उघडल्याबरोबर वास आला. सरसाचा. लहानपणी आमच्याकडे सुतार डब्यात सरस तापवायचा, अगदी तोच... कोर्नेलिसच्या काळी रंग सरसात कालवायचे; आम्ही सरस वापरतच नाही. रंग धरायचं आमचं द्रावण बाटलीतून येतं, त्याला वास नसतो. आणि कोपऱ्यात घर होतं. दार, पायऱ्या, खिडक्या. मी बोट लावून पाहिलं. रंग ओला होता.

खोटं कशाला बोलू, मी दाराकडे पळाले. बाहेर उभी राहून हान्नेकेला फोन केला.

ती आली आणि बघून पांढरीफटक पडली. घर दिसतही होतं भलतंच – हिरवट भिंती, पायऱ्यांशी जांभळा डाग.

"किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे. आणि दुसरी तुझ्या पर्समध्ये."

मग इथल्या रीतीप्रमाणे कॉफी आणि मोकळी चर्चा झाली. हान्नेके वाईट बाई नाही. म्हणाली, "हे बघ, उत्साहाच्या भरात होतं असं. तू केलंस एवढं मान्य कर, तेवढा भाग स्पंजने पुसून टाक. विषय इथेच मिटेल. कॉन्ट्रॅक्टचं मी बघते."

"मी केलेलं नाही."

"मग कोणी केलं?"



घरी मंदार म्हणाला, "अगं, एक वाक्य तर बोलायचंय. बोलून मोकळी हो. कोण बघतंय खरंखोटं?"

"मी बघते आहे ना," मी म्हटलं. त्यानंतर दोन दिवस आमच्यात फक्त मुलीच्या डब्यापुरतं बोलणं झालं. मला राग आला होता, आणि नोकरी जाईल अशी भीतीही होती.

शुक्रवारी हान्नेकेने बादली आणि स्पंज माझ्यापुढे आणून ठेवला. मी म्हटलं, "आधी तुमचे एलईडी बंद कर." छताच्या काचांवर काळं कापड ओढलं, स्टेजवरचा एक जुना दिवा आणला, त्याला पिवळा फिल्टर लावला आणि चालू केला.

हिरवट भिंत निवली. जांभळा डाग सावली झाला, पायऱ्यांवरून उतरून रस्त्यावर पडला. त्या एका घरामुळे अख्ख्या रस्त्यावर संध्याकाळ झाली. आम्ही इतके महिने एलईडीखाली 'दुरुस्त' केलेले तुकडे तेवढे मेल्यासारखे दिसत होते. त्यातले बरेचसे माझे होते.

हान्नेके पडद्याच्या कडेने दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन आली. मग म्हणाली, "तरी पुसावं लागेल."

"मग तू पूस."

स्पंज तिनेही उचलला नाही. कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढलं नाही. पडदा आता टांगलाय आणि कोपऱ्यावर काळं कापड लावलंय.

तिसरी किल्ली, कोणाची तरी थट्टा, माझाच भ्रम... लोकांनी सुचवलेलं सगळं मी स्वतःही तपासून पाहिलं. कुलूप शाबूत होतं, काचा शाबूत होत्या. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि ते नाही म्हणून मी गुन्हेगार ठरत नाही.

शेवटच्या दिवशी सायकलचं कुलूप काढत होते, तेव्हा हान्नेके बाहेर आली. हळूच म्हणाली, "आता तरी सांग. तूच रंगवलंस ना?"

मी म्हटलं, "हान्नेके, मला इतकं चांगलं रंगवता आलं असतं, तर पहिल्याच दिवशी कबूल केलं असतं... आणि खाली मोठ्ठी सही ठोकली असती."