घड्याळाला जोडलेली भरती

माझ्या घड्याळाचा पहिला जोडभाग, म्हणजे कडेच्या खोबणीत बसवायचा सुटा तुकडा, मानपाड्याला रिक्षातून उतरताना मनगटावरून निसटला आणि गटाराच्या जाळीतून थेट आत गेला. ज्यांना तो दाखवायला निघाले होते त्यांच्या शेडमध्ये मी नुसतं घड्याळ घेऊन पोचले.

ते काका आयुष्यभर डाय बनवत आलेले. प्लॅस्टिकची वस्तू ज्या पोलादी साच्यात ओतून निघते, तो साचा. कंपनीतून निवृत्त झाल्यावर एमआयडीसीच्या कडेला एका शेडचा अर्धा भाग घेऊन ते एकटेच काम करायचे. मी काय घडलं ते सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, घड्याळ डोळ्यांपाशी नेलं आणि खोबणीवरून नख फिरवलं.

"ताई, हे नुसतं दाबून बसवलंय तुम्ही," ते म्हणाले. "मनगट हलतं, घाम येतो. दाबावर किती दिवस धरणार?"

हे घड्याळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगायला हवं. मी ठाण्यात एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं डिझाइन करायची. मनगटावरची स्मार्ट यंत्रं आम्ही बनवायचो. पट्टा अडकवायचा एक कान तुटला की सगळं यंत्र फेकायचं, हा आमचा नियम. एकदा कंपनीच्या दुरुस्तीच्या काउंटरवर एक आजोबा तसंच यंत्र घेऊन आले होते. "चालू आहे हो, फक्त हे एवढंच तुटलंय," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि काउंटरवरचा मुलगा त्यांना नव्या मॉडेलचा कागद दाखवत होता. मी काचेमागून बघत होते. त्या कानाचं ड्रॉइंग मीच केलं होतं. मला फार लाज वाटली.

वर्षभराने मी नोकरी सोडली. कल्पना साधी होती. मधलं घड्याळ फक्त वेळ दाखवेल. त्याच्या दोन बाजूंना दोन खोबणी, आणि त्या खोबणीत ज्याला जे हवं ते त्याने स्वतः बनवून बसवायचं. मोडलं तर तेवढंच बदलायचं. ड्रॉइंग सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुलं, कुणाची परवानगी नको. घरचे म्हणाले, निदान पेटंट तरी घे. मी नाही घेतलं. ते धाडस होतं की हट्ट, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि अजूनही नीट सांगता येत नाही.

काकांनी खोबण बदलायला लावली. एका टोकाला केसभर निमुळती, म्हणजे भाग सरकवला की आपोआप आवळत जाईल. शिवाय शेवटाला बारीक स्प्रिंगवरची एक पोलादी गोळी, ती टक् करून बसली की भाग अडकला. हे दोन वाक्यांत सांगून झालं, पण आम्हाला चार वेळा नवा नमुना करावा लागला. तिसरा नमुना मला उत्तम वाटला होता. काकांनी तो आपल्या मनगटावर बांधला, तीन दिवस लेथवर काम केलं आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात परत ठेवला. "ढिला होतोय. परत करू." त्यांच्या आवाजात कंटाळा नव्हता. एखाद्या कामाकडे असं बघता येतं, हे मी त्यांच्याकडे शिकले.

मग ठाण्यातल्या एका हॉलमध्ये छोटंसं प्रदर्शन होतं, तिथे मी टेबल मांडलं. काही घड्याळं लोकांनी नेली. एका गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही अर्धवट घड्याळ विकताय?" मी हसून हो म्हटलं. ते हसले नाहीत.

त्यानंतर काहीच घडलं नाही. माझी खात्री होती की इंजिनिअरिंगची मुलं तुटून पडतील, कुणी तापमान मोजेल, कुणी नाडी. त्यासाठी मी खोबणीत विजेच्या चार पिनाही दिल्या होत्या. महिने गेले, एकाही माणसाने एकही भाग बनवला नाही. मी रोज सकाळी मेल उघडायची आणि बंद करायची. पुन्हा नोकरी शोधायला लागले होते.

तेवढ्यात एका बाईंचा फोन आला. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून. प्रदर्शनातून त्यांनी एक घड्याळ नेलं होतं.

"ताई, मी पार्ट बनवलाय, पण तो बसत नाय. तुमचं ड्रॉइंग चुकलंय."

मला राग आला, खरं सांगते. मी म्हटलं, ड्रॉइंग बरोबर आहे, तुम्ही मापं नीट घेतली नसतील.

"मी तीनदा बनवलाय," त्या म्हणाल्या. "आयटीआय केलेलंय मी. माप मला कळतं."

फोन ठेवून मी इंटरनेटवरचं ड्रॉइंग उघडलं आणि घड्याळाशेजारी ठेवून बघितलं. त्यांचंच बरोबर होतं. काकांनी खोबण निमुळती केल्यावर मी घड्याळाचं ड्रॉइंग बदललं होतं, पण जोडायच्या भागाचं जुनंच राहिलं होतं. त्या मापाने जगात कुणीही काहीही बनवलं असतं तरी ते बसलं नसतं. पुढे दोघातिघांनी मला कळवलं की त्यांनीही प्रयत्न केला होता, बसलं नाही म्हणून सोडून दिलं. लोकांना माझी कल्पना नकोशी आहे असं समजून मी इतके महिने झुरत होते, आणि दार मीच आतून लावून ठेवलं होतं. सांगायची तसदी फक्त या बाईंनी घेतली.

मी त्यांना परत फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कसली, येऊन बघा ना." काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मीपण येतो." पिशवीत चार कानशी टाकून ते माझ्या गाडीत बसले.

घर खाडीला लागूनच होतं. दारात जाळी वाळत होती. बाईंचे वडील खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. चालणं बरंचसं परत आलं, बोलणं थोडं जड राहिलं, पण आकड्यांचा हिशेब गेला.

"आमच्याकडे पाण्याची वेळ तिथीवरून काढतात," बाईंनी आम्हाला समजावलं. "तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर तीन वाजता भरती. आणि पाणी इथे आत यायला अर्धा तास अजून. अख्खी आळी बाबांना विचारायची. आता लोक मोबाईलवर बघतात. पण काही जण अजून सवयीने विचारतात, आणि मग बाबा आत निघून जातात."

त्यांनी बनवलेला भाग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. पितळेची छोटी चकती, कडेला पंधरा खाचा, एक बाण. रोज सकाळी एक खाच पुढे फिरवायची, बाणासमोर त्या दिवसाच्या भरतीची वेळ. त्यात बॅटरी नव्हती, तार नव्हती. माझ्या चार पिनांपैकी एकीलाही त्यांनी हात लावला नव्हता. मी सगळा विचार विजेचा केला होता.

काका उंबऱ्यावरच बसले. त्यांनी चकतीचा तळ निरखला, कानस काढली आणि घासायला लागले. मध्ये मध्ये खोबणीत घालून बघत. म्हाताऱ्या कोळ्याने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते, पण बाजूला बसून ते काकांचे हात बघत होते.

"लय नको घासूस," ते जड जिभेने म्हणाले. "ढिलं होईल."

"बरोबर," काका म्हणाले आणि थांबले. चकती सरकवली. टक् आवाज आला.

बाईंनी घड्याळ वडिलांच्या डाव्या मनगटावर बांधलं. त्यांनी ते दूर धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. मग लेकीला म्हणाले, "आकडे बारीक झालं."

"दुसरी बनवते, मोठ्या आकड्यांची."

आम्ही चहा घेत होतो तेव्हा शेजारच्या एक बाई टोपली घेऊन दारावरून चालल्या होत्या. जाता जाता त्यांनी बाईंच्या वडिलांना विचारलं, "बाबा, आज पानी कवा?" ते आत गेले नाहीत. मनगट वर केलं, ओठ हलवत मनाशी काही जुळवलं आणि सावकाश म्हणाले, "पावणेसहाला भरल." त्या मान हलवून पुढे गेल्या. त्यांना यात काही विशेष वाटलं नसावं. लेक मात्र कप घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि जरा वेळाने बाहेर आली.

परतताना शीळफाट्याला आम्ही पाऊण तास अडकलो. काका एकदम बोलले. "चाळीस वर्षं डाय केल्या, ताई. बाटल्यांची झाकणं, तेलाची टोपणं. लाखांनी निघाली असतील. पण माझी वस्तू कोणी वापरताना असं समोर बसून कधी बघितलं नव्हतं. तुमच्यामुळे बघितलं."

माझ्यामुळे कसलं. मी गाडी चालवत होते म्हणून बरं झालं, त्यांच्याकडे बघावं लागलं नाही.

घरी पोचल्यावर मी आधी ड्रॉइंग दुरुस्त केलं. सोबत लिहिलं की चूक माझी होती, ती कुणी पकडली आणि खोबण खरी कुणाची आहे. दोघांनीही नाव घालू नका म्हणून सांगितलं, म्हणून 'ठाण्याच्या खाडीवरच्या एक ताई' आणि 'मानपाड्याचे एक काका' एवढंच लिहिलं. त्यानंतर हळूहळू लोक भाग बनवू लागले. शिट्टी, भिंग, औषधाच्या दोन गोळ्या राहतील अशी डबी. कल्याणच्या एका शिक्षिकेने खडूचा तुकडा ठेवायची नळी बनवली, तिचं मला फार कौतुक वाटलं. बहुतेकांना मी कधी भेटलेही नाही. धंदा म्हणाल तर बेताचाच आहे, अर्धा दिवस मी दुसऱ्यांची कामं करते.

भरतीच्या चकतीचं ड्रॉइंग बाईंनी स्वतःच खुलं केलं. पुढे खाडीच्या खालच्या अंगाच्या, समुद्राजवळच्या एका गावातून त्यांना निरोप आला की आमच्याकडे पाणी लवकर येतं, तुमचा बाण अर्धा तास पुढे दाखवतो. त्यांनी तो निरोप मला जसाच्या तसा पाठवला आणि खाली लिहिलं, "त्यांना सांगितलंय, तुमची चकती तुम्ही कापा. मापं देते."